धागा वेगळा, पापुद्रा वेगळा

अ‍ॅस्बेस्टॉसबद्दल आपल्याकडे दोन मते छातीठोकपणे मांडली जातात. पहिले सिमेंटच्या पत्र्यांच्या उद्योगाचे: निळा आणि तपकिरी अ‍ॅस्बेस्टॉस घातक होता, पांढरा, म्हणजे क्रायसोटाइल, नीट हाताळला तर निर्धोक आहे. दुसरे मत धास्तावलेल्या ग्राहकाचे: टाल्क, म्हणजे आपले शंखजिरे, हा अ‍ॅस्बेस्टॉसचाच भाऊबंद, तेव्हा पावडरच्या डब्यापासून रंगाच्या डब्यापर्यंत सगळेच विष. पहिले मत धोका झाकते. दुसरे तो इतका पसरवते की नेमका कुठे आहे ते कळेनासे होते. दोघांची चूक एकच आहे. खनिजाची घडण आणि ते कोणाच्या हातून जाते हे न पाहता दोघेही निकाल देऊन मोकळे होतात.

आधी घडण पाहू. क्रायसोटाइल आणि टाल्क ही दोन्ही मॅग्नेशियमची जलयुक्त सिलिकेटे. घटक तेच, मांडणी वेगळी. क्रायसोटाइलमध्ये सिलिकाच्या एका थराला मॅग्नेशियमचा एक थर जोडलेला असतो. मॅग्नेशियमचा थर मापाने किंचित मोठा असल्याने ही जोडी वाकते आणि सुरळीच्या वडीसारखी गुंडाळली जाते. एका सुरळीची जाडी मिलिमीटरच्या लाखाव्या भागाच्या दोन-तीन पट, म्हणून धागा चिरावा तितका चिरत जातो. टाल्कमध्ये मॅग्नेशियमच्या थराला दोन्ही बाजूंनी सिलिकाचे थर असतात. ताण दोहीकडून सारखा पडतो आणि पापुद्रे सपाट राहतात. एकावर एक बसलेल्या या पापुद्र्यांना धरून ठेवणारे बळ अगदी क्षीण, म्हणून ते घसरतात. टाल्कचा बुळबुळीत स्पर्श आणि खनिजांच्या काठिण्यक्रमातील त्याचे सर्वांत मऊ स्थान यातूनच येते. क्रोसिडोलाइट, अमोसाइट, ट्रेमोलाइट, अँथोफिलाइट आणि अ‍ॅक्टिनोलाइट हे बाकीचे पाच अ‍ॅस्बेस्टॉस अ‍ॅम्फिबोल कुळातले. त्यांत सिलिकाच्या दुहेरी साखळ्या असतात आणि त्यांचे धागे सुयांसारखे सरळ निघतात.

दोघांचे उपयोगही या घडणीतूनच आले. न जळणारा, ताण सोसणारा आणि विणता येणारा धागा बॉयलरच्या वेष्टणात, गास्केटमध्ये, ब्रेक-लायनिंगमध्ये गेला. ऑस्ट्रियाच्या लुडविग हात्शेक यांनी तो सिमेंटमध्ये मिसळून पातळ, मजबूत पत्रे काढण्याच्या कृतीचे 1901 मध्ये पेटंट घेतले आणि स्वस्त छपराचे युग सुरू झाले. पापुद्रा कागदात, रंगात, मोटारींच्या प्लास्टिकमध्ये, औषधी गोळ्यांत आणि विजेच्या चिनी मातीच्या इन्सुलेटरमध्ये गेला.

आता पहिल्या पक्षाचे म्हणणे तपासू. पांढरा अ‍ॅस्बेस्टॉस सौम्य आहे, हा त्याचा पहिला युक्तिवाद. त्यात तथ्यांश आहे. 1960 मध्ये वॅग्नर आणि सहकाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेतून मेसोथेलिओमाचे, म्हणजे फुप्फुसावरणाच्या कर्करोगाचे, 33 रुग्ण नोंदवले. बहुतेकांचा संबंध निळ्या अ‍ॅस्बेस्टॉसच्या खाणपट्ट्याशी होता. या रोगाच्या बाबतीत निळा अधिक जहाल आहे आणि क्रायसोटाइलचे धागे फुप्फुसातून तुलनेने लवकर निघून जातात, हेही मान्य. पण अमेरिकेतील दक्षिण कॅरोलायनाच्या ज्या कापड-कारखान्यात जवळजवळ फक्त क्रायसोटाइल विणले जाई, तिथल्या कामगारांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग ठळकपणे वाढलेला आढळला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सहाही अ‍ॅस्बेस्टॉस सिद्ध कर्ककारकांच्या पहिल्या गटात ठेवले आहेत. दोन विषांपैकी एक कमी जहाल निघाले म्हणून ते पथ्यकर ठरत नाही.

दुसरा युक्तिवाद असा की पत्र्यात धागा सिमेंटने जखडलेला असतो. हेही अर्धे खरे. छपरावर शाबूत बसलेल्या पत्र्यातून फार धागे सुटत नाहीत, आणि त्याच्याखाली राहणाऱ्याने रात्रीत घर सोडण्याचे कारण नाही. पण पत्र्याचे आयुष्य छपरावर सुरू होत नाही आणि तिथे संपतही नाही. मिस्त्री तो करवतीने कापतो, हुकासाठी भोके पाडतो. नाकावर रुमाल असलाच तर असतो. वादळात पत्रा फुटतो. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळाने रायगडची छपरे उडवली, तेव्हा तुकडे गोळा करायला कारखान्याची कोणतीही सुरक्षा-पुस्तिका अंगणात पोहोचलेली नव्हती. ‘नियंत्रित वापर’ कारखान्याच्या फाटकाच्या आत कदाचित साधेल. माल मात्र विकला जातो तो फाटकाबाहेर.

तिसरा युक्तिवाद: भारतात रुग्ण दिसतात कुठे? अ‍ॅस्बेस्टॉसमुळे होणारा रोग वीस, तीस, कधी चाळीस वर्षांनी उघड होतो. धाप आणि खोकला यांची क्षयाशी गल्लत होते, आणि तोवर कामगार गावी परतलेला असतो. म्हणूनच 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कामगारांचे आरोग्य हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग ठरवताना अ‍ॅस्बेस्टॉस कारखान्यांना आरोग्याच्या नोंदी चाळीस वर्षे, किंवा नोकरी संपल्यावर पंधरा वर्षे, जपायला सांगितल्या. नाक्यावरच्या मिस्त्रीची नोंद कोण ठेवतो? नोंद ठेवायची नाही आणि मग नोंद नाही म्हणून रोग नाही असे म्हणायचे, हा न्याय उलटा आहे.

या पक्षाची खरी अडचण आपल्याच सरकारी धोरणात आहे. अ‍ॅस्बेस्टॉसच्या खाणींना नवे पट्टे देणे 1986 मध्ये थांबले, जुन्यांचे नूतनीकरण 1993 मध्ये. कारण आरोग्याचेच होते. तरी रशिया, कझाकस्तान आणि ब्राझीलमधून वर्षाला तीन लाख टनांहून अधिक क्रायसोटाइल आपण आणतो. ब्राझीलच्या सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये ते देशापुरते बंद ठरवले. निर्यात चालू राहिली. खणायला घातक असलेली वस्तू जहाजातून उतरली की निर्धोक कशी होते, याचे उत्तर उद्योगाने द्यावे.

दुसऱ्या पक्षाचा संशय निराधार नाही, पण त्याचा नेम चुकतो. टाल्क बनते ते सर्पेंटाइनच्या किंवा डोलोमाइटच्या रूपांतरातून. त्याच उष्णतेच्या आणि दाबाच्या शेजारात ट्रेमोलाइट आणि अँथोफिलाइटही तयार होऊ शकतात. म्हणजे एका खाणीतले टाल्क शुद्ध, तर दुसरीतले मिश्र असू शकते. प्रश्न साठ्याचा आहे, आणि तो तपासणीने सुटतो. सौंदर्यप्रसाधन उद्योगाने 1976 मध्ये स्वीकारलेली क्ष-किरण पद्धत अर्ध्या टक्क्याच्या आसपासच्या अ‍ॅम्फिबोलपर्यंतच पोहोचते. त्याहून कमी असले तर अहवालात ‘नाही’ येते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाला तेच धागे दिसू शकतात. 2019 मध्ये अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाच्या चाचणीत जॉन्सन अँड जॉन्सनच्या बेबी पावडरच्या एका बाटलीत क्रायसोटाइल आढळल्यावर सुमारे 33 हजार बाटल्या परत मागवल्या गेल्या. आपली पावडर अ‍ॅस्बेस्टॉसमुक्त आहे असेच कंपनी सांगत आली. 2023 मध्ये तिने टाल्कची बेबी पावडर जगभर थांबवली.

मात्र 2022 मध्ये महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने याच कंपनीच्या मुलुंडच्या कारखान्यावर केलेली कारवाई अनेकांनी याच खात्यात जमा केली, ते चूक. तिथे वाद पावडरीच्या सामूचा होता, आणि जानेवारी 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते आदेश रद्द केले. खुद्द टाल्कला कर्करोग संस्थेने 2024 मध्ये ‘बहुधा कर्ककारक’ या गटात घातले. माणसांतील पुरावा मात्र मर्यादितच मानला. बाळाच्या अंगावर टाल्क न उडवायला एवढे पुरे आहे, कारण मक्याच्या पिठाची पावडर मिळते. पण प्लास्टिकमध्ये बंदिस्त झालेल्या टाल्कला घाबरायला ते पुरत नाही. खाणीतल्या आणि गिरणीतल्या कामगाराला धूळ लागू नये, हा तिथला खरा प्रश्न आहे, आणि ग्राहकाच्या गदारोळात तोच हरवतो.

म्हणून दोन खनिजांना दोन न्याय हवेत. धाग्याला बंदी, कारण तो तुटत तुटत अशा हातांत जातो जिथे कोणताही नियम पोहोचत नाही. पापुद्र्याला परवाना, पण प्रत्येक साठ्याच्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीनंतरच.

यावर शेवटचा आक्षेप गरिबाच्या छपराचा, आणि तो सर्वांत जड आहे. लोखंडी पत्रा उन्हाळ्यात तापतो आणि कोकणच्या खाऱ्या हवेत गंजतो, तर कौलांना लाकूड लागते. पण सिमेंटमध्ये अ‍ॅस्बेस्टॉसऐवजी लाकडाचा लगदा आणि कृत्रिम धागे घालून पत्रे काढता येतात. युरोपने हात्शेकच्याच यंत्रांवर ते काढले, आणि भारतातही बिनअ‍ॅस्बेस्टॉसचे पत्रे निघतात. ते महाग पडत असतील तर सरकारने फरक भरावा. घरकुल आणि शाळांच्या बांधकामाची सर्वांत मोठी गिऱ्हाईक सरकारी खातीच आहेत. त्यांच्या निविदेत एक अट घातली की बाजार वळेल. आयातीला मुदत ठरवून द्यावी, आणि जुने पत्रे ओले करून, न फोडता उतरवण्याचे प्रशिक्षण मिस्त्रींना द्यावे. गरिबाच्या नावाने ज्यांना स्वस्त पत्रा वाचवायचा आहे, त्यांनी तीस वर्षांनी येणारे त्याच गरिबाच्या फुप्फुसाचे बिलही हिशेबात धरावे.