नवा खेळ चांगला, पण जुना का काढून घेतला?

दुबईचे आणि मॉरिशसचे घड्याळ एकच आहे, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. तिकडे पोर्ट लुईत रात्रीचे आठ वाजले म्हणजे इकडेही आठच वाजतात. त्यात १ जानेवारी २०२२ पासून अमिरातीच्या सरकारने साप्ताहिक सुटी शुक्रवार-शनिवारऐवजी शनिवार-रविवारवर आणली, म्हणजे सुटीचा दिवसही जुळला. त्यामुळे नोकरीसाठी इकडे आलेली आपली मुले आणि बेटावर राहिलेली त्यांची भावंडे शनिवारी जेवण उरकून एकाच वेळी संगणकापुढे बसतात आणि काउंटर-स्ट्राइक खेळतात. वयाने त्यांच्याहून बरेच मोठे असलेले आम्हीही त्यांत असतो, हे वाचून काही काका-काकूंना हसू येईल. येऊ द्या.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पाच-पाच जणांचे दोन संघ असतात. एका संघाने ठरलेल्या जागी बाँब ठेवायचा आणि दुसऱ्याने ते होऊ द्यायचे नाही. जो मेला तो ती फेरी संपेपर्यंत बसून राहतो. प्रत्येक फेरीआधी हातात असलेल्या पैशांतून शस्त्रे घ्यावी लागतात, म्हणून नेमाइतकाच हिशेबही लागतो. १९९९ साली दोन हौशी तरुणांनी दुसऱ्या एका खेळाच्या पोटात हा खेळ रचला आणि पुढे अमेरिकेच्या व्हॉल्व्ह कंपनीने तो आपलासा केला. २०१२ मध्ये त्याची ‘ग्लोबल ऑफेन्सिव्ह’ ही आवृत्ती आली. ती अकरा वर्षे चालली. २७ सप्टेंबर २०२३ रोजी कंपनीने तिच्याच जागी ‘काउंटर-स्ट्राइक २’ आणून बसविला. आम्ही आज लिहितो आहोत ते या बदलाविषयी.

प्रथम जे चांगले आहे ते मोकळेपणाने सांगितले पाहिजे. सर्वांत मोठी सुधारणा धुराची. जुन्या खेळात धुराचा बाँब टाकला की एक करडा गोळा उभा राही, जणू कोणी कापसाची भिंतच आणून ठेवली आहे. गोळ्या त्यातून जात, पण धूर जागचा हलत नसे. आता धूर धुरासारखा वागतो. दारातून आत शिरतो, जिन्यावरून खाली उतरतो, खोली लहान असेल तर ती भरून टाकतो. गोळी झाडली की त्यात क्षणभर भोक पडते आणि पलीकडचा माणूस दिसतो. हातबाँब फुटला तर धूर पांगतो आणि थोड्या वेळाने पुन्हा मिटतो. ज्यांनी आपल्याकडे उसाचे शेत पेटलेले पाहिले आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. यामुळे डावपेच खरोखर बदलले. पूर्वी धुरामागे निर्धास्त बसणारा आता निर्धास्त राहत नाही, आणि तसेच असायला हवे.

दुसरा बदल सामन्याच्या लांबीचा. पूर्वी जास्तीत जास्त ३० फेऱ्या असत आणि १६ जिंकणारा विजयी होई. आता २४ फेऱ्यांत १३ पुरतात. विश्वचषक क्रिकेट १९८७ मध्ये ६० षटकांवरून ५० वर आले तेव्हा जुन्या मंडळींनी जशी कुरकुर केली, तशी येथेही झाली. मागे पडलेल्या संघाला सावरायला वेळ कमी मिळतो, हे खरे. पण सकाळी सहाला हॉटेलात हजर व्हायचे आहे अशा मुलाला अर्धा तास झोप जास्त मिळते हेही तितकेच खरे, आणि आमचा कौल झोपेच्या बाजूने आहे.

तिसऱ्या बदलाचा गाजावाजा फार झाला, पण अनुभव तितका नाही. जुन्या खेळात कंपनीचा सर्व्हर सेकंदाला ६४ वेळा सर्वांची स्थिती तपासत असे. आता दोन तपासण्यांच्या मधल्या क्षणी झाडलेल्या गोळीचीही नेमकी वेळ नोंदली जाते. कल्पना उत्तम आहे. परंतु दुबईपासून आपले बेट सुमारे ५ हजार किलोमीटर दूर. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला जेमतेम २ लाख किलोमीटर धावतो. म्हणजे तार अगदी सरळ असती तरी संदेश जाऊन परत यायला सेकंदाचा विसावा भाग गेलाच, आणि समुद्रातल्या तारा कधी सरळ नसतात. म्हणून दुबईच्या सर्व्हरवर खेळताना इकडच्या भावाला जे आधी दिसते ते तिकडच्या भावाला मागून दिसते, आणि भिंतीआड पोहोचल्यावरही आपण मेलो कसे, असे तो विचारतो. वेळ कितीही काटेकोर नोंदली तरी अंतर तेवढेच राहते.

हा जुना आणि नवा खेळ येथे अमिरातीतच एका छपराखाली पाहायला मिळाला. अबू धाबीच्या यास बेटावरील इतिहाद अरेनात ब्लास्ट प्रीमियर मालिकेची जागतिक अंतिम स्पर्धा दोन वर्षे लागोपाठ झाली. डिसेंबर २०२२ मध्ये जुन्या खेळावर जी-टू संघाने लिक्विडला हरविले. डिसेंबर २०२३ मध्ये त्याच ठिकाणी नव्या खेळावर फ्रान्सच्या व्हिटॅलिटीने फेझला हरविले आणि १० लाख डॉलरच्या बक्षिसांतील निम्मा वाटा नेला. त्या संघातला झायवू या नावाने खेळणारा फ्रेंच तरुण नव्या खेळातही जुन्याइतकाच अचूक राहिला. नवा खेळ येऊन तीन महिनेही झाले नव्हते. ज्याच्या हातात कसब आहे त्याचे ते बदलाने जात नाही, हे त्यावरून दिसले.

पण सगळेच झायवू नसतात, आणि सगळ्यांच्या घरी चांगले यंत्र नसते. आमची तक्रार येथे आहे. जुन्या खेळाला २ जीबी स्मृती आणि १५ जीबी जागा पुरत होती. नव्याला कमीत कमी ८ जीबी स्मृती आणि ८५ जीबी जागा हवी. मॅक संगणक वापरणाऱ्यांना तर वगळूनच टाकले. असे लोक शंभरात एकाहूनही कमी आहेत, असे कंपनीने सांगितले. जुनी आवृत्ती त्यांच्यासाठी मागच्या दाराने ठेवली, पण सामने जुळवून देण्याची सोय तीत नव्हती आणि १ जानेवारी २०२४ पासून तिची देखभालही बंद झाली. डिसेंबर २०१८ पर्यंत हा खेळ पैसे मोजून घ्यावा लागत असे, हेही विसरू नये. विकत घेतलेली वस्तू दुकानदाराने घरात येऊन बदलावी आणि नवी अधिक चांगली आहे म्हणावे, असा हा प्रकार झाला.

शिवाय काय टिकविले आणि काय टाकले तेही पाहावे. बंदुकांचे रंगीत वेष, ज्यांना मुले स्किन म्हणतात आणि ज्यांचा खराखुरा बाजार भरतो, ते सगळे नव्या खेळात एकही न हरवता आणले. मात्र खेळाडूंनी वर्षानुवर्षे मिळविलेले दीडशेहून अधिक सन्मान पुसून त्यांच्या जागी एकच ठेवला. शस्त्र डाव्या हातात धरण्याची सोय पहिल्या दिवशी नव्हती. ती एप्रिल २०२४ मध्ये परत आली, म्हणजे डावखुऱ्यांना सात महिने उजवे होऊन खेळावे लागले. मुलांचा आवडता शस्त्रशर्यतीचा प्रकार फेब्रुवारी २०२४ पर्यंत गायब होता. ज्यातून पैसा येतो ते जपले आणि बाकीचे सवडीने पाहू म्हटले, असाच याचा अर्थ आम्ही लावतो. आणि त्या रंगीत वेषांनाही बचत समजू नये. २२ ऑक्टोबर २०२५ च्या एका छोट्या बदलाने महागड्या चाकूंचे भाव एका रात्रीत कोसळले. पगारातून उरलेले पैसे त्यात घालणाऱ्या मुलांच्या आईवडिलांनी ही तारीख ध्यानात ठेवावी.

कंपनीच्या बाजूनेही बोलता येते. दोन खेळ ठेवले तर खेळाडू विभागले जातात आणि सामना जुळायला वेळ लागतो. २०२५ मध्ये एका वेळी १८ लाखांहून अधिक लोक हा खेळ खेळत होते, तेव्हा निर्णय चुकला असे बाजार म्हणणार नाही. परंतु जे बाहेर राहिले ते त्या आकड्यात दिसत नाहीत. आणि याच कंपनीने २०१२ मध्ये असे केले नव्हते. तेव्हा नवी आवृत्ती आली तरी १.६ या नावाने ओळखला जाणारा त्याआधीचा खेळ बाजूला वेगळा राहू दिला. ज्याला जायचे तो नव्याकडे गेला, ज्याला राहायचे तो जुन्यात राहिला, आणि कोणाचेही बिघडले नाही. २०२३ मध्येही तसेच करता आले असते.

नव्या खेळासाठी नवे यंत्र मागणाऱ्या मुलाला घरच्यांनी लगेच होकार देण्याचे कारण आम्हांला दिसत नाही. तो १.६ अजून मिळतो आणि घरातल्या जुनाट यंत्रावरही चालतो. त्यातला धूर मुळीच खऱ्यासारखा नाही, पण बेटावरची भावंडे आणि इकडची मुले त्यात एकत्र बसू शकतात. शनिवारी यंत्र कमी पडणारा कोणी असला की आमचा संघ हल्ली तोच लावतो.