मोठा रंगमंच, छोटी शाळा

(खेड्यातील मुले मोठ्या कलामहोत्सवात उतरतात, तेव्हा त्यांनी तेथे काय न्यावे, कोणी जावे आणि परत येताना काय आणावे, याविषयी लेखकाने या पाठात आपले मत मांडले आहे. पाठ वाचताना आपल्या शाळेचा आणि आपल्या गावाचाही विचार करा.)

विद्यार्थी मित्रांनो, एक शाळा डोळ्यांसमोर आणा. गाव यवतमाळ जिल्ह्यातले. आजूबाजूला काळी जमीन आणि त्यात कापसाची व तुरीची शेते. शाळेला चार खोल्या, अंगणात एक कडुनिंब आणि पटावर साठ-सत्तर मुले. संगीताचे वेगळे शिक्षक नाहीत. कपाटात एक जुनी पेटी आहे, पण तिच्या दोन पट्ट्या वाजत नाहीत. अशा शाळेत एक दिवस पत्र येते. जिल्ह्याच्या ठिकाणी कलामहोत्सव आहे, आपल्या शाळेने त्यात भाग घ्यावा, असे त्यात लिहिलेले असते. गुरुजी पत्र वाचून दाखवतात. वर्ग क्षणभर गप्प होतो. मग मागच्या बाकावरून एक मुलगा हळूच विचारतो, "सर, आपल्याला काय येतं?"

ही शाळा मी कल्पनेने उभी केली आहे; पण तो प्रश्न खरा आहे. लहान गावातल्या पुष्कळ शाळांत तो विचारला जातो. तुमच्याही मनात तो कधीतरी आला असेल. या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठीच मी हे लिहीत आहे.

आधी या महोत्सवाविषयी थोडे सांगतो. शाळेतील मुलामुलींच्या अंगच्या कला पुढे याव्यात म्हणून केंद्र सरकारने २०१५ साली 'कला उत्सव' सुरू केला. नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी तो असतो. संगीत, नृत्य, नाट्य आणि चित्र-शिल्प अशा कलांना त्यात स्थान आहे. प्रथम शाळा, मग जिल्हा, मग राज्य आणि शेवटी देश, अशा पायऱ्या चढत मुले वर जातात. यवतमाळ जिल्ह्यात सोळा तालुके आहेत. उमरखेडहून किंवा झरी-जामणीहून यवतमाळला यायचे म्हणजे सुमारे शंभर किलोमीटरचा प्रवास. पहाटेची एसटी पकडायची, मांडीवर ढोलकी घ्यायची आणि पिशवीत भाकरी बांधून निघायचे. ज्या मुलाने तालुक्याचे गावही नीट पाहिलेले नाही, त्याला जिल्ह्याचा रंगमंचसुद्धा केवढा मोठा वाटत असेल!

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळू. आपल्याला काय येते?

माझे उत्तर असे आहे, की आपल्याला पुष्कळ येते. पण ते येते हे आपल्या लक्षात नसते. यवतमाळ जिल्ह्याचेच उदाहरण घ्या. येथे गोंड आणि कोलाम लोकांचे पाडे आहेत. ढोलाच्या ठेक्यावर चालणारा त्यांचा ढेमसा नाच आहे. दिवाळीच्या दिवसांत दंडार रंगते. तिच्यात नाच असतो, गाणे असते आणि सोंगेही असतात. पुसद, दिग्रस, दारव्हा या भागांत बंजाऱ्यांचे तांडे आहेत. होळी आली की तेथे डफाच्या तालावर लेंगी गाणी सुरू होतात. गावोगावच्या भजनी मंडळांत राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी आजही वाजते. आणि याच जिल्ह्यात उर्दू बोलणारी घरे आहेत. तेथे मुलांच्या कानांवर लहानपणापासून नात, कव्वाली आणि गजल पडते. शाळेत बैतबाजीचे सामने होतात. शेराला शेराने उत्तर देताना मुलांचे डोळे कसे चमकतात, ते तुम्हांला मी सांगायला नको!

एवढे सगळे घरात असताना आपण काय करतो? महोत्सवाचे पत्र आले, की मोबाइलवर एखादे चित्रपटातले गाणे शोधतो. शहरातून भाड्याने चकचकीत कपडे आणतो. त्या पडद्यावरच्या नटाने जसे हात हलवले, तसे आपणही हलवतो. चित्रपटातले गाणे वाईट असते असे मी म्हणत नाही. चांगले गाणे कोठलेही असो, ते चांगलेच असते. पण ही नक्कल शहरातली मोठी शाळा आपल्यापेक्षा चांगली करणार, हे उघड आहे. तिच्याकडे शिक्षक आहेत, आरसे लावलेली खोली आहे आणि पैसाही आहे. मग आपण हरतो आणि घरी येऊन म्हणतो, "आपल्याला काही येत नाही." खरे म्हणजे, आपल्याला जे येत होते ते आपण घरीच ठेवून गेलेलो असतो.

या बाबतीत हबीब तन्वीर यांची गोष्ट मला फार मोलाची वाटते. तुमच्यापैकी काहींनी त्यांचे नाव ऐकले असेल. त्यांचा जन्म १९२३ साली रायपूर येथे झाला. त्यांचे महाविद्यालयीन शिक्षण नागपूरच्या मॉरिस कॉलेजात झाले. ते उर्दूत कविता लिहीत आणि 'तन्वीर' हा त्यांचा तखल्लुस होता. १९५४ साली त्यांनी दिल्लीत 'आग्रा बाजार' हे नाटक बसवले. सामान्य माणसांचा कवी म्हणून ओळखला जाणारा नझीर अकबराबादी आणि त्याच्या काळातला आग्र्याचा बाजार हा त्या नाटकाचा विषय होता. त्यात कामे कोणी केली? जामिया मिलियाच्या विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी. आणि त्यांच्याबरोबर जवळच्या ओखला गावातल्या साध्यासुध्या लोकांनी!

पुढे हबीबसाहेब इंग्लंडमध्ये नाट्यकला शिकून आले. छत्तीसगडमध्ये 'नाचा' नावाची लोककला आहे. त्या कलेतील खेड्यातले कलावंत त्यांनी आपल्या नाटकांत घेतले. पण एक अडचण आली. गावच्या मैदानात रात्र रात्र लोकांना हसवणारे हे कलावंत शहरी रंगमंचावर अवघडून जाऊ लागले. हबीबसाहेब विचारात पडले. काही वर्षांनी त्यांना कारण उमगले. त्या कलावंतांना आपल्या बोलीऐवजी हिंदीत बोलावे लागत होते. रंगमंचावर कोठून कोठे चालायचे, हेही त्यांना बाहेरून ठरवून दिले जात होते. मग हबीबसाहेबांनी आपली पद्धत बदलली. त्यांनी कलावंतांना त्यांच्या छत्तीसगढी बोलीत बोलू दिले आणि मोकळेपणाने वावरू दिले. तेव्हा तेच कलावंत खुलले. याच मंडळींच्या 'चरणदास चोर' या नाटकाला १९८२ साली परदेशात, एडिंबरोच्या नाट्यमहोत्सवात पुरस्कार मिळाला. प्रेक्षकांना छत्तीसगढी कळत नव्हती. पण कलावंतांचा खरेपणा त्यांना कळला.

मित्रांनो, या गोष्टीत शिक्षकांसाठी धडा आहे आणि तुमच्यासाठीही. कोलामी बोलणारी मुलगी, गोरबोली बोलणारा मुलगा किंवा उर्दू माध्यमातला विद्यार्थी मराठी नाटकात उभा राहतो, तेव्हा त्याच्या मनात भीती असते. 'माझा उच्चार चुकला तर लोक हसतील' असे त्याला वाटते. उच्चार सुधारावेत, त्यासाठी मेहनत घ्यावी, हे मला मान्य आहे. पण नाटकात बाजाराचा प्रसंग असेल, तर त्यातला फळवाला उर्दू वळणाचे मराठी बोलला म्हणून काय बिघडले? यवतमाळच्या बाजारात तो तसेच तर बोलतो! ज्या बोलीची आपल्याला लाज वाटते, तीच बोली रंगमंचावर आपले बळ होऊ शकते.

येथे कोणी मला अडवून विचारील, "म्हणजे खेड्यातल्या मुलांनी नेहमी लोकनृत्यच करायचे का? तांड्यावरच्या मुलीने सतार वाजवू नये का?" ही शंका योग्य आहे. माझे म्हणणे तसे मुळीच नाही. तांड्यावरच्या मुलीला सतार आवडत असेल, तर तिने ती जरूर शिकावी. खेड्यातले मूल म्हणजे पाहुण्यांसमोर पारंपरिक पोशाख घालून उभे करायची बाहुली नव्हे. आणखी एक गोष्ट. दुसऱ्या समाजाचा नाच आपण करणार असू, तर आधी त्या समाजातल्या जाणत्या माणसांकडे जावे. तो नाच केव्हा करतात, का करतात, हे त्यांना विचारावे. डोक्याला पिसे खोवली आणि हातात ढोल घेतला म्हणजे ढेमसा होत नाही. विचारून, समजून केलेली कला ही आदराची कला असते.

आता दुसरा प्रश्न. महोत्सवाला जायचे कोणी?

पावसाळा संपतो आणि कापूस फुटू लागतो. वेचणी सुरू होते. शाळेतल्या कार्यक्रमांचे दिवसही बहुधा याच सुमारास येतात. त्या वेळी घरातली मोठी माणसे पहाटेच शेतावर जातात. मग धाकट्या भावाला सांभाळायला कोण राहते? बहुतेक वेळा घरातली मुलगी. काही मुली तर स्वतःच वेचणीला जातात. शाळा सुटल्यावर तालीम असते, तेव्हा तिला घरी चूल पेटवायची असते. मग तालमीला कोण उरते? ज्यांना घरी काम नाही अशी चार मुले. गुरुजी म्हणतात, "हीच मुले हुशार आहेत." पण ती हुशार आहेत, की फक्त मोकळी आहेत? मला वाटते, हा प्रश्न प्रत्येक शाळेने स्वतःला विचारावा. तालीम शाळेच्या वेळात घ्यावी. धाकट्या भावाला घेऊन आलेल्या मुलीला परत पाठवू नये. त्याला कडुनिंबाखाली बसू द्यावे. तोही तालीम बघेल आणि उद्याचा नट होईल!

काही पालक म्हणतात, "नाचगाण्याने पोट भरत नाही. त्यापेक्षा मुलांनी अभ्यास करावा." पालकांची काळजी खोटी नाही. ज्या घरात पिकाचा भरवसा नाही, तेथे मुलाच्या शिक्षणावरच सगळी आशा असते. पण कला म्हणजे अभ्यासाची चोरी नव्हे. रवींद्रनाथ ठाकूरांनी १९०१ साली शांतिनिकेतनात शाळा काढली, तेव्हा तेथे फक्त पाच विद्यार्थी होते. त्या माळरानावरच्या शाळेत गाणे आणि नाटक हा शिक्षणाचाच भाग होता. नाटकात काम करणारा मुलगा पाठांतर करतो, वेळ पाळतो, दुसऱ्याचे वाक्य लक्ष देऊन ऐकतो आणि चार माणसांसमोर उभे राहून बोलायला शिकतो. हे गुण परीक्षेत आणि पुढे आयुष्यातही उपयोगी पडत नाहीत का?

चार माणसांसमोर बोलण्याचे मोल काय असते, हे यवतमाळने स्वतः पाहिले आहे. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळ येथे ९२ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. त्याचे उद्घाटन वैशाली येडे यांनी केले. त्या याच जिल्ह्यातल्या खेड्यात राहणाऱ्या. त्यांच्या शेतकरी पतीने आत्महत्या केली होती. घर आणि मुले त्या एकटीने सांभाळत होत्या. अशा स्त्रियांच्या जीवनावर 'तेरवं' नावाचे नाटक आहे आणि त्यात वैशालीताईंनी काम केले आहे. संमेलनाच्या भव्य मंडपात मोठमोठे साहित्यिक बसले होते. त्यांच्यासमोर या बाईंनी आपल्या साध्या भाषेत शेतकरी स्त्रीचे दुःख मांडले. त्यांच्या बोलण्यात अवघड शब्द नव्हते. पण सारा मंडप ऐकत राहिला. ज्याच्याजवळ सांगण्यासारखे खरे काही आहे, त्याला कोणताही रंगमंच मोठा नसतो.

शेवटचा प्रश्न बक्षिसाचा. महोत्सवात पुष्कळ शाळा येतात. बक्षिसे मात्र मोजकी असतात. म्हणजे बहुतेक मुले बक्षिसावाचूनच घरी परतणार. मग त्यांचे जाणे फुकट गेले काय? मी तसे मानत नाही. तेथे त्यांनी इतर मुलांची कला पाहिलेली असते. आपल्याच जिल्ह्यातल्या दुसऱ्या टोकाची बोली ऐकलेली असते. एकाच खोलीत अंथरूण टाकून, एकमेकांच्या डब्यातली चटणी खाऊन ओळखी झालेल्या असतात. बक्षीस न मिळालेल्या मुलांचेही शाळेने स्वागत करावे. आणि जे तेथे करून दाखवले, ते गावात परत एकदा करावे. ज्या आजीने लेंगी शिकवली, ज्या चाचांनी कव्वालीचा ठेका सांगितला, त्यांना पुढच्या रांगेत बसवावे. जिल्ह्याच्या परीक्षकांनी गुण दिले असतील किंवा नसतील. पण आजीने मान डोलावली, की ते गुणही थोडे नाहीत.

म्हणून मित्रांनो, पुढच्या वर्षी तुमच्या शाळेत असे पत्र आले, तर गप्प बसू नका. घरी जा, आपल्या वडीलधाऱ्यांना विचारा, कान देऊन ऐका. आणि मागच्या बाकावरून कोणी विचारले, "आपल्याला काय येतं?" तर त्याचा हात धरून त्याला पुढे आणा. कदाचित सगळ्यांत जास्त त्यालाच येत असेल!

शब्दार्थ

पट – शाळेतील विद्यार्थ्यांची एकूण संख्या
तांडा – बंजारा लोकांची वस्ती
पाडा – आदिवासींची लहान वस्ती
वेचणी – झाडावरून कापूस गोळा करण्याचे काम
तालीम – नाटकाचा किंवा नाचाचा सराव
उमगणे – समजणे, लक्षात येणे

स्वाध्याय

१. महोत्सवाचे पत्र वाचल्यावर वर्ग गप्प का झाला असेल?
२. हबीब तन्वीर यांनी आपली पद्धत का बदलली? त्याचा काय परिणाम झाला?
३. 'ती हुशार आहेत, की फक्त मोकळी आहेत?' या प्रश्नातून लेखकाला काय सुचवायचे आहे?
४. लेखकाचे कोणते मत तुम्हांला पटले आणि कोणते पटले नाही? कारण सांगा.
५. तुमच्या घरातील किंवा मोहल्ल्यातील एखाद्या वडीलधाऱ्या व्यक्तीला कोणती कला येते, ते विचारा आणि दहा ओळी लिहा.