‘उपाय नाही, तर सांगायचं कशाला?’

साठी उलटलेला माणूस झोपेत ओरडतो, शिव्या देतो, हवेत बुक्के मारतो. कधी शेजारी निजलेल्या बायकोला लाथ बसते, कधी तो स्वतःच पलंगावरून खाली आदळतो. हलवून उठवलं तर लगेच भानावर येतो आणि सांगतो, कुत्रं अंगावर धावून आलं होतं, चोर घरात शिरला होता. घरात यावर जी चर्चा होते ती बहुधा ठरलेली असते. कुणी म्हणतं, हे बाहेरचं आहे. कुणी म्हणतं, वय झालं, मनात काहीतरी दाबून ठेवलंय, ते रात्री बाहेर पडतं. आणि घरात कुणी जाणकार असेल, प्रसंगी डॉक्टर असेल, तर तो बाकीच्यांना बाजूला घेऊन सांगतो की हा मेंदूचा आजार आहे, पण पुढे जे व्हायचं ते थांबवणारं औषध नाही, तेव्हा त्यांना काही बोलू नका, उरलेली वर्षं सुखात जाऊ देत.

पहिल्या दोन मतांचं खंडन विज्ञानाने केव्हाच केलेलं आहे. तिसरं मत मायेपोटी आलेलं असतं, म्हणून ते खोडून काढणं जड जातं. पण नुकसान त्यानेच जास्त होतं, असं माझं मत आहे.

1953 सालापर्यंत झोप म्हणजे मेंदूची विश्रांती, असंच शास्त्रज्ञही मानत. त्या वर्षी शिकागो विद्यापीठातले यूजीन असेरिन्स्की आणि त्यांचे मार्गदर्शक नथॅनिएल क्लाइटमन यांचा शोधनिबंध ‘सायन्स’मध्ये आला. असेरिन्स्कींनी स्वतःच्या लहान मुलाच्या डोळ्यांजवळ इलेक्ट्रोड लावून रात्र रात्र नोंदी घेतल्या होत्या. झोप लागल्यानंतर साधारण दीड तासाने मिटलेल्या पापण्यांआड बुबुळं झपाट्याने हलू लागतात, मेंदूचे तरंग जागेपणीसारखे दिसू लागतात, आणि त्या वेळी उठवलं तर माणूस बहुतेकदा स्वप्न सांगतो. ही रेम झोप. प्रौढ माणसाच्या झोपेचा पाचवा ते चौथा हिस्सा तिचा, आणि पहाटेकडे तिचे टप्पे लांबत जातात.

पुढचा शोध फ्रान्समधल्या ल्यों शहरातला. मिशेल झूवे यांनी 1959 च्या सुमारास मांजरांवरच्या प्रयोगांत दाखवलं की या झोपेत मेंदू जागा असल्यासारखा वागतो, पण श्वासाचा पडदा आणि डोळ्यांचे स्नायू सोडले तर शरीराचे स्नायू पार ढिले पडलेले असतात. मेंदूच्या बुंध्यातून खाली मज्जारज्जूकडे रोखण्याचे संदेश जात असतात. झूवेंनी 1965 मध्ये बुंध्यातला तो नेमका छोटा भाग निकामी केला, तेव्हा झोपलेली मांजरं उठून उभी राहिली, समोर नसलेल्या भक्ष्यावर झेपावू लागली. झोप तीच होती. स्नायूंवरचा लगाम तेवढा सुटला होता.

माणसात हेच घडतं, हे सांगायला आणखी वीस वर्षं लागली. मिनियापोलिसच्या कार्लोस शेंक आणि मार्क महोवाल्ड यांनी 1986 मध्ये ‘स्लीप’ या नियतकालिकात पाच रुग्णांची हकिगत मांडली आणि या आजाराला स्वतंत्र ओळख मिळाली. रेम स्लीप बिहेवियर डिसऑर्डर, डॉक्टरांच्या तोंडी आरबीडी. युरोपातल्या पाहण्यांत प्रौढांमध्ये याचं प्रमाण एक टक्क्याच्या आसपास दिसलं आहे.

आता ‘बाहेरचं’ म्हणणाऱ्यांकडे वळू. त्यांच्याकडे दोन अनुभव असतात आणि ते दोन्ही खरे असतात. एक हा, झोपेत हातपाय झाडण्याचा. दुसरा, जाग आली पण बोट हलत नाही, ओरडायचंय पण आवाज फुटत नाही, छातीवर कुणीतरी बसलंय. दुसऱ्यात स्नायूंचा लगाम जाग आल्यावरही क्षणभर सुटत नाही, पहिल्यात तो स्वप्न चालू असताना घट्ट बसत नाही. लगाम एकच, बिघाड उलटसुलट. एवढ्या साध्या गोष्टीसाठी माणसाला दोराने बांधायचं, मारायचं, मिरचीची धुरी द्यायची, हे महाराष्ट्रात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरलं आहे, आणि ते योग्यच झालं.

‘मनात राग दाबलेला आहे’ हे मत सुशिक्षित वाटतं, पण त्याचाही पाया भुसभुशीत आहे. या रुग्णांच्या स्वप्नांत हाणामारी फार असते, हे खरं. पण इटलीतल्या संशोधकांनी 2005 मध्ये तपासलं तेव्हा ही माणसं दिवसा इतरांपेक्षा अधिक आक्रमक नव्हती. स्वप्नात ती सहसा कुणावर चालून जात नाहीत, स्वतःचा किंवा घरच्यांचा बचाव करत असतात. चाळीस वर्षं शांतपणे संसार केलेल्या माणसाची लाथ बायकोला लागते आणि तो सकाळी शरमेने मान खाली घालतो. त्याच्या स्वभावावर ठपका ठेवणं हा निव्वळ अन्याय आहे.

आणखी एक दावा हमखास कानावर येतो, की जागृती, स्वप्न, सुषुप्ती हे सगळं आपल्या उपनिषदांत आधीच आहे. मांडूक्य उपनिषदात या अवस्थांचा विचार आहे, आणि तो थोर आहे. पण तो जाणिवेचा विचार आहे. स्वप्न पाहताना मानेचे स्नायू ढिले का पडतात, हा त्याचा प्रश्नच नव्हता. त्याला न पडलेल्या प्रश्नाचं श्रेय त्याला दिल्याने त्याचा मान वाढत नाही, आणि रुग्णाला तर काहीच मिळत नाही.

जाणकारांचं म्हणणं ज्यावर उभं आहे ते आकडे मी लपवणार नाही. शेंक आणि सहकाऱ्यांनी 1996 मध्ये 29 पुरुषांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला, त्यांतल्या 38 टक्क्यांना पार्किन्सन्ससारखा आजार जडला होता. त्याच गटाचा पुढचा हिशेब 2013 मध्ये आला, तेव्हा पार्किन्सन्स किंवा स्मृतिभ्रंश जडलेल्यांचं प्रमाण 81 टक्क्यांवर गेलं होतं. मग 2019 मध्ये रोनाल्ड पोस्टुमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 24 केंद्रांतल्या 1280 रुग्णांची माहिती एकत्र केली. असा आजार जडण्याचं प्रमाण वर्षाला साधारण 6.3 टक्के आणि बारा वर्षांत 73.5 टक्के निघालं. अल्फा-सायन्यूक्लिन नावाचं प्रथिन चेतापेशींत साचत जातं, ते बुंध्यातल्या स्नायूंना रोखणाऱ्या भागाला आधी गाठतं आणि हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या पेशींपर्यंत नंतर पोचतं. म्हणून हाताला कंप सुटण्याच्या कितीतरी वर्षं आधी झोपेत हात उठतो.

हे आकडे समोर ठेवून ते विचारतात, हे ऐकवायचं कशाला?

माझा पहिला आक्षेप असा, की तुम्हाला स्वतःला तरी ते पक्कं कुठे माहीत आहे? हे आकडे झोपेच्या खास केंद्रांत तपासणी होऊन निदान झालेल्यांचे आहेत. घोरताना श्वास अडकणारा माणूसही झोपेतून असाच झटापट करत उठतो, आणि स्लीप ॲप्नियावर तर मशीन आहे, उपचार आहे. नैराश्यावरच्या काही गोळ्यांनीही स्नायूंचा हा लगाम सैल होतो, तिथे गोळी बदलण्याचा विचार करता येतो. नार्कोलेप्सीच्या रुग्णांतही हे दिसतं. लहान मुलं रात्री किंचाळून उठतात किंवा झोपेत चालतात तो प्रकार तर गाढ झोपेतला, रात्रीच्या पहिल्या प्रहरातला, आणि सकाळी त्यांना काही आठवत नाही. हे सगळं वेगळं काढायला पॉलिसॉम्नोग्राफी करावी लागते, म्हणजे मेंदूचे तरंग, डोळ्यांची हालचाल, श्वास आणि हनुवटीच्या स्नायूंचा ताण यांची रात्रभराची नोंद. मनगटावरच्या घड्याळात ‘रेम’ असा रंगीत पट्टा दिसतो, पण घड्याळ हा ताण मोजत नाही. माणसाला सांगायचंच नाही असं ठरवलं की तपासणीही होत नाही, आणि ज्याला बरं करता आलं असतं तोही तसाच राहतो.

दुसरं. ‘थांबवता येत नाही’ यावरून ‘काहीच करता येत नाही’ इथे उडी मारली जाते. हाडं मोडतात, कवटीच्या आत रक्तस्राव झाल्याच्याही नोंदी आहेत. गादी जमिनीवर घालणं, काचेचं टेबल नि टोकदार वस्तू खोलीतून काढणं, काही काळ वेगळ्या अंथरुणावर झोपणं, यांना पैसे लागत नाहीत. मेलाटोनिन आणि क्लोनाझेपाम वापरतात. दोन्हींच्या मागे मोठ्या चाचण्यांचा आधार तोकडा आहे, आणि क्लोनाझेपामने म्हातारी माणसं तोल जाऊन पडू शकतात, ॲप्निया वाढू शकतो, म्हणून ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचं. पण ज्याला आजाराचा पत्ताच नाही तो यातलं काहीच करणार नाही.

तिसरा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि घरच्या चर्चेत तो जवळपास कधीच येत नाही. आरबीडीच्या काही रुग्णांना पुढे लुई बॉडी प्रकारचा स्मृतिभ्रंश होतो. 2017 च्या निदानाच्या निकषांत आरबीडीला त्याच्या मुख्य लक्षणांत जागा मिळाली. या रुग्णांना भास होतात, घरात माणसं दिसतात, मुलं दिसतात. रात्री-बेरात्री घाबरून कॅज्युअल्टीत नेलं की शांत करण्यासाठी हॅलोपेरिडॉलचं इंजेक्शन दिलं जाण्याची शक्यता असते. या आजारात त्या जातीची औषधं भयंकर बाधतात, माणूस लाकडासारखा ताठ होतो, प्रसंगी जीवही जातो. ‘दहा वर्षांपूर्वीपासून झोपेत हातपाय मारतात’ हे एक वाक्य फायलीत असेल तर ड्युटीवरचा डॉक्टर थांबून विचार करेल. ते वाक्य फायलीत नाही, कारण तुम्ही मायेने ते झाकून ठेवलं.

औषधाबद्दल म्हणाल, तर पार्किन्सन्सची वाटचाल रोखण्याचे प्रयोग आजवर फसत आले त्याचं एक कारण संशोधक सांगतात ते हे, की कंप दिसेपर्यंत हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या निम्म्याच्या आसपास पेशी मेलेल्या असतात. आधीच्या टप्प्यावर औषध तपासायचं तर त्या टप्प्यावरची माणसं हवीत, आणि अशी माणसं मुख्यतः आरबीडीचीच आहेत. उत्तर अमेरिकेत, युरोपात त्यांचे गट बांधले गेले आहेत. आपल्या माणसांना निदानच कळलं नाही तर ती या शोधात कधीच असणार नाहीत, आणि उद्याचं औषध त्यांच्यावर न तपासताच त्यांच्यासाठी येईल.

हे महाराष्ट्रालाही लागू आहे. 2012 मध्ये ‘न्यूरॉलॉजी’त आलेल्या अनेक देशांतल्या पाहणीत आरबीडीच्या रुग्णांत शेती करणारे, कीटकनाशकांशी संबंध आलेले, डोक्याला मार लागलेले आणि धूम्रपान करणारे अधिक आढळले. हे नातं आहे, कारण सिद्ध झालेलं नाही. पण पाठीवर पंप घेऊन तोंडाला नुसतं फडकं बांधून फवारणारी माणसं आपल्या कापसाच्या पट्ट्यात किती आहेत हे ज्याला ठाऊक आहे, त्याने हे वाचून स्वस्थ बसू नये.

विरोधकांच्या म्हणण्यात एक गोष्ट खरी आहे आणि ती मी मान्य करतो. न जाणण्याचाही हक्क असतो. पण तो हक्क त्या माणसाचा आहे, दवाखान्याच्या बोळात उभं राहून ठरवणाऱ्या मुलाचा, जावयाचा नव्हे. जमिनीची वाटणी, मृत्युपत्र, राहून गेलेली यात्रा, कुणाशी तुटलेलं बोलणं, हे सगळं शुद्धीत असताना उरकायचं की नाही ते त्याने ठरवायचं आहे. म्हणून आधी विचारावं, ‘काका, पुढचं किती ऐकायचंय?’ तो म्हणेल तेवढंच सांगावं, एका बैठकीत सगळं ओतू नये. वेग प्रत्येकाचा वेगळा असतो, काहींना वर्षानुवर्षं काही होत नाही, हेही त्याच दमात सांगावं. व्यायाम चालू ठेवायला लावावा. आणि पुढे गरज पडलीच तर पुण्यातल्या पार्किन्सन्स मित्रमंडळासारखे स्वमदत गट आहेत, हे कानावर घालून ठेवावं.

सुरुवात करायला मोठं यंत्र लागत नाही. झोपेत तुम्ही स्वप्नातल्यासारखे हातपाय मारता असं कुणी तुम्हाला सांगितलंय का, किंवा तशी शंका तुम्हाला स्वतःला आली आहे का, एवढा एकच प्रश्न. 2012 मध्ये तो पडताळला तेव्हा त्याने दहापैकी नऊहून अधिक रुग्ण ओळखले. निदान अर्थात त्यानंतरच्या तपासणीनेच होतं. साठीपुढच्या प्रत्येक रुग्णाला बीपी-शुगरसोबत हा प्रश्न विचारला जावा, ही माझी मागणी आहे. आणि तो शेजारी बसलेल्या बायकोलाही विचारावा, कारण रात्री जागी तीच असते. केंद्रांत येणाऱ्यांत पुरुषच जास्त दिसतात, त्याचं एक कारण हेही असावं की एकट्या झोपणाऱ्या विधवा बाईचे हातपाय रात्री कुणी पाहत नाही. तिच्या खोलीत चार रात्री नातीला झोपवावं, किंवा तिची परवानगी घेऊन मोबाइल कपाटावर उभा करून ठेवावा, आणि जे दिसेल ते आधी तिला दाखवावं.