टिकणारा आनंद

आपल्या लष्करच्या सराफा बाजारात सोनं आधी कसोटीवर घासतात, मग भाव सांगतात. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना वाटलं, आनंदाचंही तसंच असावं.

1895 मध्ये ना. वा. टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंच्या पदरात लहान मूल, माणसं सोवळ्यातली, वर लोकांची बोलणी. चार-पाच वर्षं त्या वेगळ्या राहिल्या. पुढे, केवळ नवऱ्यासाठी नव्हे तर स्वतःला पटलं म्हणून, 1900 मध्ये ख्रिस्ती झाल्या. ओढग्रस्त तरीही सुटली नाही. त्यातच अनाथ मुलं घरात वाढवली. 1919 मध्ये टिळक गेले. त्यांचं अपुरं ‘ख्रिस्तायन’ शाळेत न शिकलेल्या लक्ष्मीबाईंनी पुरं केलं.

आणि तरी पुस्तकभर त्या हसतात, स्वतःलासुद्धा!

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना सध्या नोकरीचा भरवसा नाही. पगारवाढीचा आनंद घराच्या पुढच्या हप्त्यापर्यंतच टिकतो. लक्ष्मीबाईंचा आनंद मिळकतीवर नव्हता. आपल्याला सांभाळणारा देव आहे, या विश्वासावर होता. मी ख्रिस्ती नाही; पण हप्त्याच्या काळजीनं झोप उडते तेव्हा त्यांची दोन पानं वाचतो. हप्ता तेवढाच राहतो, धीर मात्र वाढतो.

घरात जुनी प्रत असेल तर जरूर काढा, आणि आजीला मोठ्यानं वाचून दाखवा.