टाळ जुळला पाहिजे

२०२० च्या आषाढात आमच्या दिंडीने हरिपाठ व्हिडिओ कॉलवर करून पाहिला. पहिल्याच संध्याकाळी फजिती झाली. विणेकरीबुवांनी चाल धरली, पाठोपाठ वीस-बावीस घरांतून टाळ वाजले, पण एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. आवाज पोचायला जो क्षणभर उशीर होतो, त्यात सगळी लय सांडली. मग एका पोराने तोडगा काढला : सगळ्यांनी आपापला आवाज बंद करायचा, म्हणायचं फक्त बुवांनी. हरिपाठ सुरळीत पार पडला. पण तो आम्ही ऐकला, म्हटला नाही. चौथ्या दिवशी आमच्या आळीतल्या पाच घरांनी फोन आत ठेवले आणि आपापल्या ओट्यावर उभं राहून टाळ धरला. तोंडाला फडकी होती, मधे रस्ता होता. पण टाळ जुळला.

घरी राहून वारी होते का, हा वाद निघाला की मला तो ओटा आठवतो. त्या वर्षी ३० जूनला, दशमीच्या दिवशी, आळंदी-देहूच्या पादुका मोजक्या माणसांसह एसटीने पंढरपूरला गेल्या. २०२१ मध्येही एसटीच होती. २०२२ मध्ये वाट पुन्हा माणसांनी भरली. साथ सरली, प्रश्न मात्र उरला. गुडघे गेलेली आजी, दवाखान्यात पाळी लागलेली परिचारिका, पेरणीत अडकलेला शेतकरी आणि परदेशात नोकरी करणारा वारकऱ्याचा मुलगा साथीच्या आधीही होते, आजही आहेत.

एक पक्ष म्हणतो, पायी चालल्याशिवाय वारी नाही. बाकी सगळी पळवाट. चालण्याचं मोल मी नाकारत नाही. पण ज्या संप्रदायाच्या नावाने हे सांगितलं जातं, त्याच्याच कथा पाहा. पुंडलिक देवाला भेटायला गेला नव्हता. तो आईबापांच्या सेवेत होता आणि दारी आलेल्या देवाला त्याने वीट दिली. अरणचे सावता माळी मळा सोडून पंढरीला गेले नाहीत, असं परंपरा सांगते. आजही त्यांची पालखी पंढरपूरला जात नाही. उलट पांडुरंगाचीच पालखी अरणला येते. आणि पालखीत तरी काय असतं? पादुका. ज्ञानोबांनी १२९६ मध्ये आळंदीला समाधी घेतली, तरी माउली दरवर्षी वारीला येतात ते पादुकांच्या रूपाने. खुद्द माउलींची अशी हजेरी आपण मानतो, आणि अंथरुणाला खिळलेल्या आजीची हजेरी मात्र मांडायची नाही, हे कसं?

‘परंपरा मोडते’ हा आक्षेपही टिकत नाही. तुकोबांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ मध्ये पालखीची प्रथा सुरू केली. ज्ञानोबांच्या स्वतंत्र सोहळ्याची आजची शिस्त हैबतबाबा आरफळकर यांनी एकोणिसाव्या शतकात घातली. रथापुढच्या आणि रथामागच्या दिंड्यांचे क्रमही कधीतरी कोणीतरी लावलेच ना? वारी बदलत आली, म्हणून तर ती चालत आली.

दुसरा पक्ष याच्या अगदी उलट बोलतो. देव चराचरात आहे, मोबाइलवर गाभारा दिसला, हात जोडले, झाली वारी! हा पक्ष मला जास्त धोक्याचा वाटतो, कारण तो सोयीचा आहे. एकादशीला पंढरीत पोचलेले लाखो लोक गाभाऱ्यापर्यंत जातच नाहीत. चंद्रभागेत स्नान, नगरप्रदक्षिणा, नामदेव पायरीला माथा आणि कळसाचं दर्शन, एवढ्यावर ते तृप्त होऊन परततात. म्हणजे पडदा आपल्याला नेमकं तेच देतो, ज्यावाचून वारकऱ्याचं अडत नाही.

मग अडतं कशावाचून? तळावरची समाजआरती पाहा. चोपदाराने दंड उंचावला की हजारो टाळ एकदम थांबतात. एखाद्या दिंडीची तक्रार असेल, तर ती एकटीच टाळ वाजवत राहते. चोपदार तिथे जातात, गाऱ्हाणं ऐकतात, मगच तो टाळ थांबतो. नंतर हरवल्या-सापडल्या वस्तूंचा पुकारा होतो. वारीतली शांतता अशी सगळ्यांचं ऐकून घेऊन येते. व्हिडिओ कॉलवर आम्ही शांतता आणली ती एकेकाचा आवाज बंद करून.

या दोन्ही पक्षांत गल्लत एकच आहे. दोघेही वारी एकट्या माणसाची धरतात : एकाच्या लेखी ती त्याच्या पायात, दुसऱ्याच्या लेखी त्याच्या डोळ्यात. वारी असते दिंडीत. म्हणून माझी कसोटी साधी आहे. ज्याला नुसते कान पुरतात ते पडद्यावर चालेल : प्रवचन, कीर्तन, दूरच्या फडातल्या माणसांची खुशाली. ज्याला टाळ लागतो ते गावातच झालं पाहिजे : हरिपाठ, पावली, एकमेकांच्या पाया पडणं, द्वादशीच्या पारण्याची पंगत.

गावातली वारी ही काही नवी टूम नव्हे. कोल्हापूरजवळचं नंदवाळ, मुंबईतलं वडाळा यांना लोक प्रतिपंढरपूर म्हणतात आणि आषाढीला तिथे दिंड्या जातात. वारकरी परतला की घरी राहिलेले त्याच्या पाया पडतात, कपाळी बुक्का लावून घेतात, चुरमुऱ्यांचा प्रसाद खातात. घरच्यांचा वारीतला वाटा परंपरेने केव्हाच मान्य केला आहे. आपण तो नीट बांधायचा आहे. प्रत्येक आळीला एक वीणा असावी. जो येऊ शकत नाही त्याच्या घरी दशमीला दोघांनी टाळ घेऊन जावं; त्याच्या हाती नुसता फोन देऊन सुटका करून घेऊ नये. परदेशातल्यांनीही घरोघरी पडद्यापुढे बसण्यापेक्षा जवळच्या चार घरांची दिंडी काढावी. तिथली महाराष्ट्र मंडळं ती काढतातही. आणि ज्याचे पाय धड आहेत, रजा मिळण्यासारखी आहे, त्याने या सवलतीत शिरू नये. त्याने चालावं.

यंदा दशमीला आमच्या मारुतीच्या देवळात भिंतीवर पडदा लावायचा ठरलं आहे. पंढरीहून आमचे बुवा तासभर प्रवचन सांगतील. ते संपलं की पडदा गुंडाळायचा, सतरंज्या गोळा करायच्या आणि मग हरिपाठाला उभं राहायचं.