बस्त्याला निघण्याआधी

बस्ता बांधायला रविवारी मुंबईच्या काळबादेवीत जाऊ नका. सुट्टी आहे, सगळे मोकळे आहेत, म्हणून गाडी करून आलेली आणि मंगळदास मार्केटच्या बंद फाटकापाशी एकमेकांवर वैतागलेली बिऱ्हाडं मी कितीदा तरी पाहिली आहेत. कापडबाजार रविवारी बंद असतो आणि झवेरी बाजारातल्या बहुतेक पेढ्याही. घरातल्या दोघातिघांनी रजा टाकावी आणि मंगळवार-बुधवार गाठावा. सकाळी अकराच्या सुमाराला दुकानदाराला बोलायला सवड असते. संध्याकाळी शेख मेमन स्ट्रीटवर माणूस चालत नाही, ढकलला जातो.

इथं एकेका गल्लीत एकेक माल. त्यामुळे यादी माणसांप्रमाणे (आत्याची साडी, मामाचं धोतर) करून निघालात तर दिवसभर गोल गोल फिराल. यादी गल्लीप्रमाणे करा. सीएसएमटीला उतरून दहा मिनिटं चाललं की क्रॉफर्ड मार्केट येतं. १८६९ सालची ही इमारत, आता महात्मा जोतिबा फुले मंडई. आत शिरण्याआधी दारावरची शेतकऱ्यांची शिल्पं जरूर पाहा; ती लॉकवुड किपलिंगची, म्हणजे लेखक किपलिंगच्या वडिलांची. सुकामेवा आणि फळांच्या करंड्या इथं मिळतात, पण त्या परतताना घ्या. पहिल्याच फेरीत दोन्ही हात अडकवून घेणारे पुढे साड्या नीट उलगडूनही पाहत नाहीत.

समोरच मंगळदास. अरुंद बोळ, दोन्ही बाजूंना छतापर्यंत थानं. ब्लाउजपीस, अस्तर, शर्टाचं कापड मीटरवर इथंच घ्यावं. रंग जुळवायचा असेल तर साडी सोबत न्या आणि कापड दिव्याखाली न बघता बाहेर उजेडात आणून बघा. दुकानदार कुरकुरणार नाही, त्याला सवय आहे. शेजारचं मुळजी जेठा मार्केट मुख्यतः घाऊकवाल्यांचं. पन्नास-साठ आहेर एकदम घ्यायचे असतील तरच तिथं शिरा. जवळच्या लोहार चाळीत विजेच्या माळा आणि दिवे. पत्रिका मात्र इकडे शोधू नका, त्यासाठी गिरगावातला खाडिलकर रोड.

भावाबद्दल एवढंच सांगते की निम्म्यावरून सुरुवात करायचा सल्ला सगळीकडे चालत नाही. भुलेश्वरच्या बांगड्या आणि खोटे दागिने घेताना खुशाल घासाघीस करा. तांबाकाट्याला साधी पितळेची-तांब्याची भांडी वजनावर मिळतात. तिथं समई, ताम्हन, घंगाळ घेताना आधी त्या दिवसाचा किलोचा भाव विचारा, मग भांडं काट्यावर ठेवायला सांगा. मराठीत विचारा. बरेच गुजराती-मारवाडी दुकानदार उत्तम मराठी बोलतात, आपणच उगाच मोडक्या हिंदीत शिरतो.

सोन्याचं तेवढं शांतपणे करा. झवेरी बाजारात सोन्याच्या भावावर वाद घालण्यात अर्थ नसतो. बोलायचं ते घडणावळीवर, कारण एकाच वजनाच्या दोन पाटल्यांच्या किमतीत फरक पडतो तो तिथंच. १ एप्रिल २०२३पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी सक्तीचा आहे. बावीस कॅरेटवर ९१६ दिसतं. बीआयएस केअर या अॅपमध्ये एचयूआयडी घालून पेढीवर बसल्याबसल्या पडताळा. संकोच कसला? पैसे आपले आहेत.

दुपारी ऊन आणि चिडचिड एकदमच वाढतात. क्रॉफर्ड मार्केटसमोरच्या बादशाहमध्ये फालुदा घ्या, म्हाताऱ्या माणसांना बसू द्या. घरी जायला मरीन लाइन्स स्टेशन जवळ पडतं, आणि २०२५पासून काळबादेवीला भुयारी मेट्रोही थांबते. स्वतःची गाडी मात्र आणू नका. हातगाड्या आणि पाठीवर गठ्ठे घेतलेले हमाल यांच्यातून ती निघणार नाही, आणि रस्ता त्यांचाच आहे.

आता माझी चूक. भाच्याच्या लग्नात आहेराच्या अकरा साड्या घेतल्या, कर वाचेल या लोभानं कच्च्या चिठ्ठीवर. घरी उघडल्या तर दोन साड्या पदरापाशी विरलेल्या. परत गेले तर दुकानदार म्हणाला, हा आमचा माल नव्हे. चिठ्ठीवर दुकानाचं नावच नव्हतं, मी काय दाखवणार? त्या दोन साड्या अजून माझ्या कपाटात आहेत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, पण तिथं तक्रार करायची तरी हातात पावती लागते. तेव्हा पक्की पावती हातात पडल्याशिवाय दुकानाची पायरी उतरू नका.