आकाशातला बाजार, अंगणातला हिशेब

२ एप्रिल २०२२. गुढीपाडव्याचा दिवस. गुढी उतरवून, पुरणाची भांडी आवरून जरा टेकले होते, तोच अकोल्याहून वहिनीचा फोन आला, ‘ताई, गच्चीवर जा लवकर! आभायात काय जयत चाललं, पाहा तरी!’ धावतच वर गेले. अमरावतीच्या आकाशातून विस्तवाची रांगच्या रांग सरकत होती. शेजारच्या काकूंनी हात जोडले, मुलांनी मोबाइल काढले.

मग बातमी आली. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी गावात धातूचं एक भलंमोठं कडं आकाशातून पडलं होतं. व्यास जवळजवळ दहा फूट! नशीब, कुणाला इजा झाली नाही. इस्रोचे शास्त्रज्ञ येऊन पाहून गेले. चीनने २०२१ साली उडवलेल्या रॉकेटचा तो भाग असावा, असं जाणकारांनी सांगितलं.

आमच्या बचत गटाच्या बैठकीत हाच विषय. एकीने विचारलं, ‘ताई, माह्या घरावर पडलं असतं त पैसे कोनं देल्ले असते?’ सगळ्या हसल्या. मला मात्र तो प्रश्न हसण्यावारी नेता आला नाही.

मैत्रिणींनो, तुम्ही म्हणाल, रॉकेटचा आणि आपला काय संबंध? पण टीव्हीची छत्री, मोबाइलवरचा नकाशा, पेरणीच्या तोंडावर आपण डोळे लावून बसतो तो पावसाचा अंदाज, या सगळ्यामागे उपग्रह आहेत. उपग्रह वर न्यायला पैसे मोजणारं गिऱ्हाईक आलं, की बाजार आला. आणि कापसाच्या बाजाराला जसं यार्ड लागतं, तसा रॉकेटला उडायला तळ लागतो. त्यालाच आता स्पेसपोर्ट म्हणतात.

आपल्याकडे २०२० साली या क्षेत्राचं दार खासगी कंपन्यांना उघडलं. ३० मे २०२४ रोजी चेन्नईच्या अग्निकुल कंपनीने श्रीहरिकोट्यात स्वतः उभारलेल्या तळावरून आपलं रॉकेट उडवलं. तमिळनाडूत कुलशेखरपट्टणमला लहान रॉकेटांसाठी नव्या तळाची पायाभरणी २८ फेब्रुवारी २०२४ ला झाली. तिथेच का? श्रीहरिकोट्याहून ध्रुवांवरून फिरणारे उपग्रह सोडायचे, तर श्रीलंका टाळायला वळसा घ्यावा लागतो आणि त्यात इंधन जातं. कुलशेखरपट्टणमला दक्षिणेकडे सरळ मोकळा समुद्र! लहान रॉकेटला तेवढंही इंधन मोलाचं.

याचा मला अभिमानच आहे. पण तळाला जागा लागते, आणि जागा कधीच रिकामी नसते. कुलशेखरपट्टणमच्या तळाला दोन हजारांहून अधिक एकर जमीन लागते आहे. १९६३ साली केरळात थुंब्याहून पहिलं रॉकेट उडालं, ते कोळ्यांच्या वस्तीतून. त्यांनी घरं सोडली, आपलं चर्चसुद्धा दिलं. श्रीहरिकोट्याच्या बेटावरून यानादी आदिवासींना उठावं लागलं. रॉकेटची नावं आपण पाठ करतो. या बायाबापड्यांची नावं कुणाला ठाऊक?

घर सोडणं म्हणजे काय, ते आपल्या वऱ्हाडाला वेगळं सांगायला नको. मेळघाटातली कोहा, कुंड, बोरी ही गावं वाघांसाठी उठून अकोट तालुक्यात वसली. कारण चांगलंच होतं. पण चुलीला सरपण कुठून आणायचं, पाणी कुठून भरायचं, याची घडी नव्या जागी पुन्हा बसवायची, ती बाईनेच. मोबदल्याच्या कागदावर हे कष्ट कुठे लिहिलेले असतात?

आता बचत गटातल्या त्या प्रश्नाचं उत्तर. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार आकाशातून वस्तू पडून जमिनीवर नुकसान झालं, तर भरपाई ती सोडणाऱ्या देशाने द्यायची. १९७८ साली सोव्हिएत उपग्रह कॅनडात कोसळला, तेव्हा त्यांना तीस लाख कॅनेडियन डॉलर मोजावे लागले. म्हणजे नियम आहे. पण नीट ऐका, जबाबदारी देशाची. उद्या एखाद्या खासगी कंपनीचं रॉकेट परदेशात कुणाच्या छपरावर पडलं, तर दुसरा देश आपल्या सरकारच्याच दारात येणार. नफा कंपनीचा आणि नुकसान तुमच्या-माझ्या करातून, असं होऊ नये. म्हणून कंपनीने विमा किती काढायचा, भरपाईचा वाटा किती उचलायचा, हे कायद्यात स्वच्छ लिहिलेलं हवं. २०२३ साली सरकारने अंतराळ धोरण आणलं. पण धोरण म्हणजे कायदा नव्हे.

आणखी एक. या बाजारातलं काम फक्त समुद्रकाठी नसतं. रॉकेटचं विकास इंजिन विक्रोळीच्या गोदरेजमध्ये घडतं, मोटारीची कवचं इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरला तयार होतात. तिथे फिटर, वेल्डर लागतात. आपल्या लेकीला आयटीआयला घालताना ‘पोरीला कायले वेल्डिंग?’ असं म्हणण्याआधी जरा थांबा.

घरात नवं दुकान टाकायचं म्हटलं, तरी आपण आधी विचारतो, जागा कोणाची, भांडवल कोणाचं, बुडालं तर भरणार कोण? आकाशातल्या दुकानालाही हेच तीन प्रश्न विचारायचे. ते विचारायला शास्त्रज्ञच असावं लागतं, असं थोडंच आहे! आमच्या गटातल्या त्या बाईने तिसरा प्रश्न तर केव्हाच विचारून ठेवलाय.